मानेच्या मणक्याचं ऑपरेशन: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

‘मानेचं ऑपरेशन करू का?’ असं कुणी विचारलं की मी आधी हातापायांबद्दल विचारते. नुसती मान दुखत असेल तर बहुतेकांना औषधं आणि व्यायामानेच उतार पडतो. माझी मान फारशी दुखतच नव्हती. ब्लाउजचे हुक लागेनात, सुईत दोरा ओवता येईना, जिना उतरताना तोल जाऊ लागला. न्यूरोसर्जननी माझ्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली आणि अंगठा आपोआप आत वळला. मज्जारज्जूवर दाब असल्याची ती खूण. एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी मागे सरकलेली आणि तिथे हाडही वाढलेलं दिसलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशन आहे ते पुढचं नुकसान थांबवण्यासाठी. गेलेलं किती परत येईल याची हमी नाही. हे आधी ऐकलं म्हणून पुढचे महिने निभावले.

चीर गळ्याच्या पुढच्या बाजूला, कातडीच्या घडीतच. घरचे चक्रावले, मणका मागे आणि चीर पुढे कशी? मागून गेलं तर मज्जारज्जू वाटेत आडवा येतो. पुढून अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला सारल्या की गादी थेट समोर येते. क्लोवर्ड, स्मिथ आणि रॉबिन्सन या सर्जननी 1950 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. खरं जोखमीचं काम गादी काढल्यावरचं: मज्जारज्जूला लागून वाढलेलं हाड घासून काढायचं. मायक्रोस्कोपचा उजेड आणि मोठं दिसणं तिथे कामी येतं. रिकाम्या जागी केज, म्हणजे आधाराचा छोटा पोकळ ठोकळा बसवला, वर टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू, म्हणजे वरखालचे दोन मणके हळूहळू एकमेकांना जुळून एक होतात.

टाक्यांचा त्रास जेमतेम. गिळण्याचा मात्र खूप झाला. भाकरीचा घास घशात अडायचा, कित्येक दिवस मऊ भात आणि पेज. आवाजही बसला होता. हे दोन्ही बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू निवळतं, माझंही निवळलं. पण आधी नीट विचारून ठेवा, नाहीतर माणूस घाबरतो.

मान वळते का? वळते. मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम वरचे दोन मणके करतात, त्यामुळे खालचा एक सांधा जखडला तरी फारसं जाणवत नाही.

शेजारच्या खाटेवरच्या मावशींना मिश्री बंद करायला सांगितलं होतं. त्या कुरकुरत होत्या, पण डॉक्टरांचं बरोबर होतं. तंबाखूने हाड जुळायला अडथळा येतो, आणि जुळायला आधीच कित्येक महिने लागतात.

आज चाल सुधारली आहे, हुक लागतात. अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे, ते तसंच राहील असं दिसतं. वरखालच्या गाद्यांवर पुढे ताण येऊ शकतो, म्हणून तपासणी चालू ठेवली आहे. हाताची पकड किंवा चाल बिघडलेली असेल तर न्हाव्याकडून, मालिशवाल्याकडून मान कडकन मोडून घेऊ नका. आधी एमआरआय करा.