'मदर ऑन साईट' म्हणे! ३८,४९० रुपयांना पडलेलं पिल्लू

आधीच सांगतो, मी भोळा माणूस नाही. पतसंस्थेत कर्जाच्या फायली तपासतो. सातबाऱ्यावरचा एखादा फेरफार जुळला नाही तर फाईल परत पाठवतो, त्यासाठी शिव्याही खातो. तरी एका पोरगेल्या माणसाने मला लॅबच्या, म्हणजे लॅब्राडोर कुत्र्याच्या, पिल्लात ३८,४९० रुपयांना घातलं. हसायचं तर हसा. पण तुम्ही, तुमचा भाऊ किंवा तुमची मेव्हणी पिल्लू शोधत असेल, तर हसून झाल्यावर पुढचं वाचा.

लेकीला दहावीनंतर कुत्रा द्यायचं कबूल केलं होतं. 'लॅब पपीज, हेवी बोन, चॅम्पियन ब्लडलाइन, मदर ऑन साईट' अशी जाहिरात होती. मदर ऑन साईट म्हणजे पिलांची आई तिथेच बघायला मिळेल. अठ्ठावीस हजार सांगितले, साडेचोवीसवर आला. "सर, आज तीन पार्टी येणार आहेत, पाच हजार टाकून ठेवा, तुमचं पिल्लू बाजूला काढतो." टाकले. यूपीआयवर नाव आलं कुणा बाईचं. "मिसेसचं खातं आहे." आमच्याकडे कर्जदार असं बोलला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता.

रविवारी आम्ही चौघं गेलो. मी, बायको, लेक आणि साताऱ्याहून आलेली आई. हायवेपासून चार किलोमीटर आत, पत्र्याची शेड, पुढे फरशी बसवलेली एक खोली. आत एसी. मागून एकसारखं भुंकणं येत होतं आणि फिनाईलचा वास डोक्यात जात होता. "मागे नको सर, बाहेरून आलेल्या माणसांनी इन्फेक्शन होतं." मला हे फार जबाबदारीचं वाटलं. वाटणारच, त्याने ते म्हटलंच असं होतं.

मग त्याने 'आई' आणली. बदामी रंगाची, अंगाने भरलेली, केस चमकणारे. खोलीत पाच पिलं होती. ती त्यांच्यामधून चालत गेली, कोपऱ्यातला पाण्याचा वाडगा हुंगला आणि खिडकीखाली जाऊन बसली. पाचातल्या एकानेही मान वर केली नाही. तिनेही एकालाही हुंगलं नाही. पोट आत, सड सुकलेले, बोराच्या बी एवढे.

माझी आई म्हशींमध्ये वाढलेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आरं, आईला बघून गप बसत्यात व्हय पिलं? ही काय यांची आई न्हवं."

आणि मी काय म्हणालो? "आई, गावाकडचं वेगळं असतं. ही दूध तोडलेली पिलं आहेत."

दूध तोडलेली! हा शब्द मला पाच मिनिटांपूर्वी त्या माणसाने शिकवला होता. खाली ठेवलेलं पिल्लू परत उचललं नसतं आणि गाडीला चावी मारली असती, तर गेले असते फक्त पाच हजार. पण लेकीने तोवर त्याचं नाव पेढा ठेवलं होतं. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा रंग, कपाळाला सुरकुत्या. नाव ठेवल्यावर कोण परत ठेवतं? हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं. पिल्लू आधी पोरांच्या हातात देतात, हिशोब नंतर काढतात.

हिशोब असा: उरलेले १९,५०० रोख, 'पेपरचे' म्हणजे केनेल क्लबच्या वंशावळीच्या कागदांचे ३,०००, आणि पट्टा, वाडगे, खाणं असलेलं किट २,३५०. किट घ्यावंच लागतं म्हणे. रोखीची पावती मागितली तर "सर, आपलं विश्वासाचं काम आहे." विश्वासाचं काम म्हटलं की पावती मिळत नाही, एवढं पाठ करून ठेवा. पेपर दोन महिन्यांनी चेन्नईहून येणार होते. केनेल क्लबचं मुख्यालय चेन्नईला आहे हे खरं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. आमच्या डॉक्टरांनी नंतर पिल्लाच्या मानेवरून स्कॅनर फिरवला. कातडीखाली बसवतात ती ओळखक्रमांकाची चिपच नव्हती. चिप नाही म्हणजे क्लबचे पेपर कुठून येणार? पैसे देण्याआधी चिप तुमच्यासमोर स्कॅन करून दाखवायला सांगा आणि आलेला आकडा कागदाशी ताडून बघा. स्कॅनर बिघडलाय म्हणाला तर उठा.

सोमवारी पेढा नुसता झोपून होता. प्रवासाचा शीण म्हटलं. मंगळवारी संध्याकाळी उलट्या, रात्री जुलाबात रक्त. तो वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. बुधवारी टेस्ट केली, पार्व्हो निघाला, पिलांचा जीव घेणारा आतड्याचा विषाणू. डॉक्टरांनी जबडा उघडून बघितला. "मागच्या दाढा अजून फुटतायत. याला दोन महिने कोणी सांगितलं? पाच आठवडे असेल जेमतेम." लसीचं पुस्तक दाखवलं. त्यात सही होती, पण डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलं होतं, पण बॅच नंबरचा तुकडा फाडलेला. हे पुस्तक मी रविवारी हातात धरून उलटसुलट बघितलं होतं. मी, फायली तपासणारा!

बुधवारी ३,१४०, गुरुवारी २,९००, शुक्रवारी २,६००. सलाईन लावलेला तो एवढासा पाय लेक तीन दिवस धरून बसली होती. शनिवारी पहाटे तो गेला. यावर मी जास्त लिहीत नाही.

विकणाऱ्याला फोन केला. "सर, पार्व्हो तुमच्या सोसायटीत लागला असेल. दुसरं पिल्लू देतो, फक्त आठ हजार भरा." डॉक्टर म्हणतात, लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन दिवस ते आठवडा लागतो. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी सुरू झालं, म्हणजे पिल्लू तिथूनच घेऊन आलं. हे लिहून द्या म्हटलं तर "तसं लिहून देता येत नाही हो." बरं, ते तरी माणूस म्हणून चांगले. शिवाय हा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, नुसत्या फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं. दुसरं पिल्लू लगेच आणलं असतं तर तेही गेलं असतं. आठ हजार भरून!

आता साहेब लोकांकडे वळू. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: "कुत्र्यासाठी आलात?" दुसरा: "मेलंय ना? मग आता काय?" अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. सायबर हेल्पलाइनवर फोन केला. ते म्हणाले, तुम्ही स्वतः पैसे दिले, माल घेतला, हा सायबर गुन्हा नाही. माल! पशुसंवर्धनच्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने महापालिकेकडे पाठवलं. महापालिका म्हणाली, ती जागा आमच्या हद्दीत नाही. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक मीटिंगला. पुन्हा पशुसंवर्धन. तिथे २०१७ चे श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम मी छापून नेले होते. नोंदणी नसताना पैदास करायची नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीला पिलं काढायला लावायचं नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचच. साहेबांनी कागद चाळला आणि विचारलं, "हे तुम्हाला कुठे मिळालं?" माझ्याकडून झेरॉक्स ठेवून घेतली. माझ्या खर्चाने.

आणि शिक्षा? प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्याचं किट २,३५० चं.

कोणाला पिल्लू घ्यायचंच असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर शोधा. आई दाखवली की तिचे सड बघा, पिलं तिच्याकडे धावतात का बघा. मागची शेड दाखवत नसेल तर पुढच्या खोलीत बसूच नका. आणि जाताना घरातलं एखादं म्हातारं माणूस न्या, त्याचं ऐका.

आई गावाला परत गेली. एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

त्याने मला अजून ब्लॉक केलेलं नाही. परवा त्याच्या स्टेटसला तीच बदामी कुत्री, तीच खिडकी, या वेळी सहा काळी पिलं. 'मदर ऑन साईट.' स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. सोमवारी रजा टाकली आहे, ग्राहक आयोगाच्या अर्जाला जोडणार आहे.