सोलापूरहून गरम पाण्याच्या कुंडांना: वज्रेश्वरी, पाली की आंबा घाटाखालचं तुरळ?

आईच्या गुडघ्यांमुळं आमच्या घरात कुंडांचा विषय निघाला. मग तीन हिवाळ्यांत आम्ही तीन ठिकाणी जाऊन आलो: वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे आणि संगमेश्वर तालुक्यातलं तुरळ-राजवाडी. तेव्हापासून आईच्या भजनी मंडळातल्या बायका भेटल्या की एकच विचारतात, "एका दिवसात होतंय का गं?" होतं. पण तिन्हींपैकी एकाच ठिकाणचं, आणि तेही गाडीनं नाही, रेल्वेनं. बाकी दोन्हींकडं एक मुक्काम धरूनच निघावं. हे आधी सांगते, कारण "रविवारी पहाटे निघू, रात्री परत येऊ" म्हणून निघालेले लोक कुंडात अर्धा तास बसतात आणि गाडीत पंधरा तास.

इतकं लांब का जावं लागतं, तेही समजून घ्यावं. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत, साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, 18 ठिकाणी गरम झरे आहेत. हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पलीकडं, समुद्राच्या अंगाला. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी काळ्या पाषाणातल्या भेगांमधून खूप खोल उतरतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगांमधून वर येतं. किनाऱ्यालगतच्या खडकात अशा खोल भेगा पुष्कळ आहेत, म्हणून झरेही तिथंच जास्त. आपण घाटाच्या अलीकडचे, तेव्हा कुठंही गेलं तरी सह्याद्री ओलांडायचाच आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटजवळ उनकेश्वर आहे, पण सोलापूरहून तेही जवळ नाही, आणि तिथं मी गेलेली नाही, म्हणून ते या तुलनेत घेतलेलं नाही.

रेल्वेनं वज्रेश्वरी

सिद्धेश्वर एक्सप्रेस हेच या सहलीचं सगळं गुपित. रात्री साडेदहाच्या सुमारास सोलापुरातून बसायचं, पहाटे कल्याणला उतरायचं. परतीला तीच गाडी रात्री साडेदहाच्या पुढं मुंबईहून सुटते आणि तासाभरानं कल्याणला येते. सकाळी सातच्या आसपास आपण सोलापूर स्टेशनात. म्हणजे दोन रात्री रेल्वेत आडवं पडून आणि मधला एक अख्खा दिवस कुंडांवर. रजा एकाच दिवसाची, हॉटेलातला मुक्काम नाही. वेळापत्रकात पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं होतात, तेवढं बघून घ्यावं, आणि आरक्षण फार आधी करावं. ही गाडी सोलापूरकरांनी कायम भरलेली असते. वयस्कर माणसांना खालचा बर्थ मिळाला नाही, तर मी तरी तारीख पुढं ढकलेन.

कल्याणहून भिवंडी, अंबाडी करत वज्रेश्वरी साधारण चाळीस किलोमीटर. एसटीनंही जाता येतं, भिवंडीला गाडी बदलायची. आम्ही स्टेशनाबाहेर दिवसभरासाठी गाडी ठरवली. त्याचा पश्चात्ताप झाला नाही, कारण भिवंडीतली वाहतूक सकाळी आठनंतर फार तुंबते. सात वाजता आम्ही वज्रेश्वरीला लागूनच असलेल्या अकलोलीच्या कुंडांवर होतो. डिसेंबरातली सकाळ होती, तानसा नदीवर धुकं आणि कुंडावर वाफ. आईनं पायऱ्यांवर बसून आधी नुसते पाय सोडले आणि पाच मिनिटं कुणाशी बोललीच नाही.

अकलोलीची कुंडं दगडी बांधणीची, उघडी, नदीच्या काठाला लागून आहेत. जवळच रामेश्वराचं देऊळ. एका कुंडाचं पाणी सोसवतं, दुसऱ्याचं सोसवत नाही, म्हणून हात घालून बघितल्याशिवाय उतरू नये. गणेशपुरीची कुंडं भीमेश्वराच्या देवळाला लागून आहेत. तिथं भगवान नित्यानंदांच्या समाधीमुळं भक्तांची वर्दळ असते, पण वातावरण अकलोलीपेक्षा शांत. आईला गणेशपुरी जास्त आवडली, मला अकलोलीची नदी.

उणीव एकच, पण बायकांसाठी ती मोठी आहे. उघड्या कुंडांवर सुट्टीच्या दिवशी एवढी गर्दी होते की बाईमाणसाला मोकळेपणानं बसता येत नाही. यावर उपाय आहे. वज्रेश्वरी-अकलोलीच्या लॉजमध्ये झऱ्याचं पाणी खोलीतल्या टाकीत सोडतात. अशी खोली दिवसापुरती घ्यावी. दुपारी पाठ टेकायलाही ती लागते, कारण पहाटे पाचपासून रात्री साडेअकरापर्यंतचा दिवस म्हाताऱ्या माणसाला खोलीशिवाय झेपत नाही. टाकी आपल्यासमोर रिकामी करून, धुऊन, पुन्हा भरायला सांगावी. एका ठिकाणी आम्ही हे सांगायला विसरलो आणि पाणी बघून तसेच बाहेर आलो.

वज्रेश्वरीचं देऊळ चुकवू नका. 1739 साली वसईचा किल्ला घेण्याआधी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता आणि विजयानंतर हे देऊळ बांधून घेतलं, असं सांगतात. तटबंदी आणि नगारखाना यांमुळं ते लांबून छोट्या गढीसारखं दिसतं. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत. आईला त्या कुंडानंतर चढवल्या, आधी नाही. चैत्र अमावास्येला इथं मोठी यात्रा भरते, ते दिवस टाळावेत.

पाली आणि उन्हेरे

अष्टविनायकांमधल्या बल्लाळेश्वराचं पाली हे गाव सगळ्यांना माहीत असतं. तिथून तीनेक किलोमीटरवरचं उन्हेरे मात्र पालीला दोनदा-तीनदा जाऊन आलेल्यांनाही ठाऊक नसतं. दर्शन घेऊन सगळे पुढं महडला निघून जातात.

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, तिथून एक्सप्रेसवेनं खोपोली आणि पुढं पाली, असं सगळं मिळून साडेतीनशेच्या वर. रस्ता तिन्हींमध्ये सर्वांत चांगला. पण चांगला रस्ता म्हणजे जवळचा रस्ता नव्हे. न थांबता गेलं तरी साडेसहा-सात तास लागतात, आणि हडपसरपासून वाकडपर्यंत पुण्यात किती वेळ जाईल ते पुण्याच्या हातात.

उन्हेऱ्याचं पाणी सौम्य, साधारण चाळीस अंशांचं. मुलांना आणि पहिल्यांदाच कुंडात उतरणाऱ्यांना हे बरं. बायकांची आणि पुरुषांची अंघोळीची सोय वेगळी आहे. शेजारी विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. पंढरपूरच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला घाटाखाली, गरम कुंडाच्या काठावर विठोबा भेटतो, तेव्हा काय वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या सासूबाई कुंडात उतरायच्या आधी तिथं चांगला अर्धा तास बसल्या होत्या.

पण पाणी हेच जाण्याचं कारण असेल, तर उन्हेरे एकट्यासाठी एवढ्या लांब जाऊ नये. कुंडं लहान आहेत, तासाभरात सगळं होतं. अष्टविनायक करायचाच असेल, तर त्यात ही सकाळ घालावी. चतुर्थी आणि शनिवार-रविवार टाळले, तर पाली अजूनही निवांत गाव आहे. मागं सरसगडाचा उभा कडा दिसत राहतो.

आंबा घाटातून तुरळ-राजवाडी

डोंगर बघायचा असेल तर हेच. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा रस्ता. सांगलीपर्यंतचा महामार्ग आता चौपदरी आहे. मंगळवेढ्यात दोन्ही बाजूंना मालदांडीची ज्वारी, सांगोल्यात डाळिंबाच्या बागा, मिरजेपुढं ऊस आणि मलकापूर सोडलं की झाडी. एका दिवसात महाराष्ट्राची जमीन इतक्यांदा रंग बदलते, हे खिडकीतून बघण्यासारखं आहे. आंबा गाव सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथं मुक्काम करावा. डिसेंबरात पहाटे तिथं सोलापुरी चादर दोन घड्या करून घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून साखरपा, देवरुख, संगमेश्वर आणि पुढं चिपळूणच्या दिशेनं तुरळ. सोलापूरपासून एकूण साडेतीनशेच्या पुढं. आकडा पालीइतकाच, पण इथं घाट आणि वळणं आहेत, म्हणून तास जास्त. रत्नागिरी रस्त्याचं रुंदीकरण चालू असेल, तर घाटात थांबावंही लागतं. आमचा मुलगा तीनदा गाडी थांबवून खाली उतरला. ज्यांना गाडी लागते, त्यांनी घाटाच्या दिवशी रिकाम्या पोटी बसू नये आणि भरल्या पोटीही नाही.

तुरळचं पाणी उगमापाशी साठ अंशांच्या आसपास असतं. थेट उगमाच्या पाण्यात पाय घातला तर भाजतो. कुंडात निवत आलेलं पाणीच अंघोळीचं. जवळच्या राजवाडीत पाणी जरा सोसवणारं आहे आणि शेजारी महादेवाचं जुनं देऊळ. लॉज, दुकानं, फुगेवाले यांची वज्रेश्वरीसारखी रांग इथं नाही. आम्ही गेलो तेव्हा गावातल्या दोन आजी कपडे धुऊन अंघोळीला आल्या होत्या. त्यांनीच आईला सांगितलं, "आधी खांद्यावर तांब्यानं ओता, मग उतरा." पुढं प्रत्येक ठिकाणी आम्ही तेच केलं.

उरलेल्या वेळात संगमेश्वरजवळच्या कसब्याला कर्णेश्वराचं देऊळ बघा. दगडातलं इतकं बारीक काम कोकणात फार कमी ठिकाणी आहे. संगमेश्वर हे 1689 मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ते गाव, तिथून मान खाली घालूनच पुढं जावं. देवरुखजवळचं मार्लेश्वर मात्र या सहलीत कोंबू नका, त्याच्या पायऱ्या गुडघेदुखीच्या माणसाला जमत नाहीत.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या झऱ्याबद्दलही विचारणा होते. राजापूरची गंगा प्रकटली की लोक गंगेवर आणि मग त्या झऱ्यावर अंघोळ करतात. पण गंगा कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा तिच्यावर सहल आखता येत नाही.

मग कोणी कुठं जावं

घरात साठीच्या पुढचं माणूस असेल, तर मी वज्रेश्वरीच सांगेन, आणि ते रेल्वेमुळं. गुडघ्याला कुंडात जो आराम मिळतो, तो सात तास पाय दुमडून बसलं की गाडीतच संपतो. हे मी पालीहून परत येताना सासूबाईंच्या चेहऱ्यावर पाहिलंय. तरुण जोडपी, ट्रेकची आवड असलेले, दोन ड्रायव्हर असलेले यांनी आंब्याला मुक्काम करून तुरळ करावं. पुन्हा कुठं जायचं असं मला स्वतःला विचारलं, तर मी तिथंच जाईन. लहान मुलं आणि देवदर्शन दोन्ही असेल, तर पुण्यात नातेवाइकांकडं रात्र काढून पाली.

खर्चाचं गणित सोपं आहे. कुठल्याही बाजूला गाडीनं जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या पुढं होतात. पंधराचं ॲव्हरेज धरलं, तर पन्नास लिटरच्या आसपास इंधन, वर टोल आणि एक मुक्काम. रेल्वेत स्लीपरची दोन तिकिटं, कल्याणची गाडी आणि दिवसाची खोली. दोघं-तिघं असाल तर रेल्वे स्वस्त पडते, पाच जण असाल तर फरक फार उरत नाही.

तिन्हीकडं लागू असलेल्या काही गोष्टी आहेत. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुंडात उतरू नये. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, मग बाहेर बसून पाणी प्यावं. चक्कर बहुतेकदा पाण्यातून उठताना येते, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी कुणीतरी बसलेलंच असावं. डोकं बुडवू नये आणि मुलांना उड्या मारू देऊ नयेत. साचलेल्या गरम पाण्यात क्वचित असा अमीबा असतो जो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर जिवावर बेततो, आणि नाकात पाणी न जाऊ देणं एवढीच काळजी पुरते. अंगावर जखम असेल तरीही उतरू नये. सांधे मोकळे होतात ते ऊबेमुळं, आणि तो आराम काही तासांचा, फार तर दिवसाचा. आईची गोळी आम्ही कुंडामुळं बंद केली नाही, तुम्हीही करू नका.

जाण्याचे दिवस कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच बेचाळीस अंशांवर असतं, तेव्हा गरम पाण्याचं नाव कुणी काढत नाही. पावसाळ्यात तानसा चढली की अकलोलीच्या कुंडांत गढूळ पाणी शिरतं आणि आंबा घाटात धुकं उतरतं.

सोबत प्रत्येकी दोन टॉवेल घ्या, आपल्या सोलापूरचेच, एक कुंडासाठी आणि एक कोरडा. पाण्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते, म्हणून पैंजण-जोडवी घरी ठेवा. जुने सुती कपडे, रबरी चपला आणि एक तांब्या. खाण्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कुंडातून बाहेर आल्यावर अशी भूक लागते की हॉटेलात जाईपर्यंत दम निघत नाही, आणि कडक भाकरी दोन दिवस टिकते. वज्रेश्वरीला जाणार असाल, तर परतीच्या रात्री कल्याणच्या फलाटावर दीड तास आधी पोचेल असं गाडीवाल्याला सांगून ठेवा, भिवंडीत संध्याकाळी सकाळपेक्षाही जास्त अडकायला होतं.