वक्तृत्वासाठी विषय: थोरांची गाथा की आपलं यश?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या स्पर्धांत मुलं हमखास थोरांवर बोलतात. त्यात सोय आहे, साहित्य आयतं मिळतं. १९१६ साली टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. १९२४ चं बेळगाव अधिवेशन हे गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन. पण हेच आधीचे चार वक्ते सांगून गेले, की परीक्षक मान वर करत नाहीत.

स्वतःचं यश मात्र दुसऱ्या कुणाकडे नसतं. मराठी माध्यमात शिकून एसएसएलसीला (म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला) कन्नडचा पेपर उत्तम सोडवलेली मुलगी घ्या. घरात कन्नड नाही. मग बसमध्ये पाट्या वाचल्या, शेजारच्या अक्कांशी मोडकंतोडकं बोलली, त्यांनी हसत चुका सुधारल्या. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी हे स्वतः भोगलेलं असतं, म्हणून ते कान देतात. शिवाय पाठ केलेलं विसरण्याची धास्ती कमी, कारण प्रसंग आठवला की शब्द येतात.

धोका बढाईचा. निकाल एका वाक्यात आटपा, धडपडीला वेळ द्या आणि मदत करणाऱ्यांचा उल्लेख आवर्जून करा. (भाषण आईबाबांनी लिहून दिलं तर ही सगळी गंमतच जाते.)

जयंतीला किंवा विषय ठरवून दिला असेल, तर थोरांवरच बोलावं. विषय खुला असेल तर मी विद्यार्थ्यांना ठामपणे सांगेन: स्वतःचं सांगा. यश जिल्हा पातळीवरचं नसलं तरी चालेल, आजीला मोबाईलवर पैसे पाठवायला शिकवलं, इतकंही पुरतं.