लकव्यानंतर चालणं: व्हीआर की नेहमीचा व्यायाम?

लकवा मारला की घरच्यांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न असतो, "चालता येईल का?" तोल आणि चाल परत मिळवायला आता दोन मार्ग सुचवले जातात.

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, संगणकानं उभं केलेलं आभासी जग. त्यात पडद्यावर किंवा डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमध्ये रस्ता, पायऱ्या, अडथळे दिसतात आणि रुग्ण तोल सावरत ते चुकवतो. पाऊल चुकलं की लगेच कळतं. खेळाच्या नादात तीच हालचाल कितीतरी वेळा होते, आणि मेंदूला नव्यानं शिकायला हीच पुनरावृत्ती लागते. काहींना मात्र गरगरतं, मळमळतं. शेजारी धरायला माणूस हवाच.

नेहमीचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठ-बस, दुबळ्या पायावर भार घेणं, पायरी चढणं. कंटाळा येतो, हे खरं. पण हा व्यायाम ओसरीवर भिंतीला धरूनही होतो. शिवाय परभणी-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला परतायचं असतं काळ्या रानातल्या ढेकळांवर, बांधावर. त्याची सवय व्हीआर केंद्राच्या गुळगुळीत फरशीवर कशी लागणार?

कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. लकव्यानंतरच्या व्हीआरवरच्या तिच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. चालण्याचा वेग आणि तोल यांत व्हीआर सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. हातासाठी मात्र नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून फायदा दिसला.

म्हणून मला वाटतं, पैसे आणि एसटीच्या खेपा बेताच्या असतील तर आधी जवळचा फिजिओथेरपिस्ट गाठा, घरचा व्यायाम लिहून घ्या. व्हीआर परवडत असेल तर वरून जोडा.