कमरेचा पट्टा, सात महिन्यांनंतर: स्प्रिंग चांगली, पण तिचं टोक सांभाळायचं कुणी?

चौथ्या महिन्यातली गोष्ट. दुपारी मशीनवरून उठले आणि डाव्या कुशीत टाचणी घुसल्यासारखी कळ आली. शिवणकाम करणारीच्या अंगावर टाचणी राहून जाणं नवं नाही, म्हणून आधी तीच शोधली. टाचणी नव्हतीच. पट्ट्याच्या बाजूच्या स्प्रिंगचं टोक अस्तर फाडून बाहेर आलं होतं आणि तिची तार आतल्या कपड्यातून थेट कातडीत रुतली होती. बोटभर ओरखडा उठला, रक्त आलं. पाठीला आधार म्हणून घेतलेल्या वस्तूने असं करावं याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

पट्टा नेहमीचाच, एल.एस. (लम्बो-सॅक्रल, म्हणजे पाठीच्या खालच्या भागाचा) बेल्ट म्हणतात तो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलची सपाट पाती, प्रत्येक कुशीला पुढेमागे दोन चपट्या स्प्रिंगा, पुढे वेल्क्रो. कापड, इलास्टिक, वेल्क्रो यांबद्दल माझी काही तक्रार नाही. वेल्क्रोत दोरे अडकतात, जुन्या टूथब्रशने काढले की झालं. पहिले तीन महिने तर मी हा पट्टा चार जणींना सांगितला. सलग दोन तास बसूनही संध्याकाळी पाठ धरत नव्हती. फिजिओथेरपिस्टने आधीच बजावलं होतं की पट्ट्याने दुखणं बरं होत नाही, कामापुरता लावा, झोपताना काढा आणि व्यायाम सोडू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर कंबरदुखीवर उपचार म्हणून पट्टे देऊच नयेत असं म्हटलंय. हे माहीत असूनही मी वापरते, कारण पट्टा असला की मी मशीनवर पोक काढून बसत नाही. माझ्यासाठी त्याचा उपयोग एवढाच आणि तो खरा आहे.

आता स्प्रिंगच्या टोकावरच्या टोपणाबद्दल. बाजूची स्प्रिंग म्हणजे तार वेटोळी करून मग दाबून चपटी केलेली असते. म्हणूनच ती पुढेमागेही वाकते आणि डावीउजवीकडेही. सपाट पातं फक्त पुढेमागे वाकतं, बाजूला अजिबात नाही. बाजूला हात लांबवून कापड ओढताना कूस वळते, तिथे वेटोळीच हवी. ही योजना अगदी बरोबर आहे. पण वेटोळी कापली की टोकाला तारेचं उघडं तोंड राहतं, म्हणून त्यावर पत्र्याचं एक टोपण चिमट्याने दाबून बसवतात. नखाएवढं टोपण. सगळा पट्टा त्या नखाएवढ्या पत्र्यावर विसंबून आहे आणि तो पत्रा नुसता दाबलेला. त्याला ना डाख, ना चिकटवण. माझं टोपण नेफ्यात, म्हणजे स्प्रिंग ज्या शिवलेल्या पोकळ पट्टीत बसते तिच्यात, खाली पडलेलं सापडलं आणि आतून तांबूस झालं होतं. स्प्रिंगला जस्ताचा मुलामा असतो, पण कापलेल्या तोंडाशी तो नसतो. घामातलं मीठ आधी तिथेच लागतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे घट्ट बसवलेलं टोपणही आतून फाकत जातं.

कंपनीला कळवलं. आधी फोटो मागितले, ते पाठवले. मग पट्टा मशीनमध्ये धुतला का, असं विचारलं. नाही, हाताने, तोही पाती काढून. आठ दिवसांनी उत्तर आलं की वॉरंटी शिलाईला आणि वेल्क्रोला आहे, टोपण निघणं ही वापरातली झीज आहे. बरं, मग मला दोन स्प्रिंगा विकत द्या, किंवा निदान रुंदी आणि लांबी सांगा, मी बघते. सुटे भाग मिळत नाहीत म्हणे, नवा पट्टा घ्या! कापड शाबूत, इलास्टिक शाबूत, पाती शाबूत, आणि नखाएवढ्या पत्र्यासाठी सगळं टाकून द्यायचं. आम्ही बाही विरली तर बाही बदलतो, सदरा टाकत नाही. नवा पट्टा मी घेणार नव्हते.

मग नेफा उसवला. स्प्रिंगचं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं, त्यावर वायरिंगच्या सामानातली हीट श्रिंकची नळी चढवली आणि मेणबत्तीवर लांबूनच गरम केली. नळी आकसून टोकाला चिकटून बसली. वर जाड तागाच्या पट्टीची टोपी शिवली. त्याच सुमारास पाठीकडचं एक पातं मधोमध कायमचं वाकलेलं दिसलं, म्हणून जुन्या मेजर टेपचा तुकडा कापून त्या जागी घालून पाहिला. तेही स्प्रिंगचंच पोलाद, फुकटात मिळालेलं. पण टेप आडव्यात किंचित खोलगट असतो. थोडा वाकेपर्यंत ताठ उभा राहतो आणि मग एकदम कट् करून दुमडतो. पहिल्यांदा वाकले तेव्हा पाठीत चापट बसल्यासारखं वाटलं. तासाभरात काढून टाकला. तुम्ही हा प्रयोग करू नका.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं की दोष टोपणाचा. ते मत दोन आठवडेच टिकलं. उजव्या कुशीचंही कापड विरायला लागलं. उसवून बघते तर टोपण जागेवर, घट्ट, चकचकीत. मग हे कापड खाल्लं कुणी?

नेफा आणि स्प्रिंग शेजारी ठेवून टेप लावली. नेफा २४ सेंटीमीटर, स्प्रिंग २१. म्हणजे तीन सेंटीमीटर रिकामी जागा. मी बसले की मांडी पट्ट्याला खालून वर ढकलते, स्प्रिंग नेफ्यात वर सरकते. उठले की खाली येते आणि टोक त्याच एका जागी आपटतं. दिवसातून पन्नास-साठ वेळा उठबस होते, चार महिने रोज तेच. टोक कितीही गुळगुळीत असो, कापड जाणारच. डावीकडेही आधी हेच झालं असणार, टोपण त्या आपटण्याने ढिलं झालं आणि गंजाने राहिलेलं काम केलं. कॉर्सेट (कंबर आवळणारी ताठ चोळी) शिवणारे स्प्रिंग नेफ्यापेक्षा साधारण सेंटीमीटरभरच आखूड कापतात. वाकायला दोन्ही टोकांशी थोडी जागा लागते, पण तेवढीच. माझ्या पट्ट्याचे दोन-तीन आकार बहुधा एकाच लांबीच्या स्प्रिंगवर भागवलेत.

आम्ही शिवणाऱ्यांनी हे आधीच ओळखायला हवं होतं. पूर्वी कॉर्सेटमध्ये व्हेलबोन असायचं. नाव हाडाचं असलं तरी ते हाड नाही, देवमाशाच्या तोंडातली गाळणीसारखी झालर आहे, आपल्या नखांच्याच जातीचा पदार्थ. ते हव्या त्या लांबीला कापता येई, टोक तासता येई आणि अंगाच्या उबेने ते अंगाचं वळण घेई. १८८३ मध्ये अमेरिकेत एडवर्ड वॉरनने पिसांच्या देठांपासून फेदरबोन काढलं. आज गाऊनला आम्ही रिजिलिन, म्हणजे प्लॅस्टिकची ताठ पट्टी, लावतो, त्यातून सुई आरपार जाते. जे कापडाला टीप घालून बसवता येतं, ते नेफ्यात धावत नाही. पोलादातून सुई जात नाही, म्हणून तिथे सगळी भिस्त नेफ्यावर. आणि त्या नेफ्याकडेच माझ्या पट्ट्यात कुणी लक्ष दिलेलं नाही.

मी केलं ते असं. नेफ्याची खालची दोन सेंटीमीटर आडव्या टिपा घालून बंद केली, एकावर एक तीन टिपा, खिशाच्या कोपऱ्याला घालतो तशा. आत जाड कॅनव्हासचा दुहेरी तुकडा ठेवला, म्हणजे टोक अस्तरावर न टेकता कॅनव्हासवर टेकेल. वरच्या टोकाला नळीच्या जरा खाली, स्प्रिंगच्या वेटोळ्यातून मेण लावलेला बटणाचा दोरा ओवून तो कापडाला बांधून टाकला. फक्त वरच्या टोकाला. दोन्ही टोकं बांधली तर वाकताना स्प्रिंग कापड ओढते, मी एकदा तसं करून पाहिलंय, कुशीला चुण्या पडतात. हेच कारखान्यात करायचं तर टोपणालाच बटणासारखी दोन भोकं ठेवावीत. टोपण निसटणार नाही आणि स्प्रिंग धावणार नाही. चार स्प्रिंगांच्या वरच्या टोपणांना मिळून एका पट्ट्याला आठ भोकं, याला काय मोठा खर्च येतो?

वाकलेल्या पात्याचंही सांगते, कारण तिथेही मत बदललं. आधी वाटलं पोलाद हलकं आहे. व्हर्नियरने मोजलं तर जाडी ०.५ मिलिमीटर. भावाने हिशोब करून दाखवला. पातं वाकतं तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या मिलिमीटरचं पातं ५ सेंटीमीटर त्रिज्येत वाकवलं तर १००० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) आसपास जातो. चांगलं स्प्रिंग पोलाद हे सोसतं, साधं सोसत नाही, कायमचं वाकतं. जाडी निम्मी केली की त्याच वाकण्यात ताणही निम्मा. पण मग पातं आठपट लवचीक होतं, आधार राहत नाही. उपाय ट्रकच्या कमानपाट्यात आहे, एकावर एक मोकळी पाती. पाव मिलिमीटरची चार पाती एका नेफ्यात ठेवली तर ताण निम्मा आणि ताठरपणा जाड पात्याच्या निम्मा उरतो. मला तेवढा पुरतो, तुम्हाला कदाचित नाही. वाकलेल्या पात्याच्या जागी मी अशी चार घातलीत, मध्ये सुती फितीचे थर, नाहीतर कुरकुरतात. टोकं गोल घासलेली. दोन महिने झाले, बाहेर काढून सपाट फळीवर ठेवली की चारही पाती मूळच्या वळणावर असतात.

दुरुस्तीनंतर तीन महिन्यांत एकदाही टोचलं नाही. पट्टा पुन्हा पहिल्यासारखा चांगला वाटतो आणि वस्तू म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. कंपनीला मात्र मी दुसऱ्यांदा पत्र लिहिलंय, नेफ्याची आणि स्प्रिंगची मापं शेजारी लिहून, उसवलेल्या नेफ्याचा फोटो जोडून. उत्तर आलेलं नाही. तुम्ही असा पट्टा घेणार असाल तर आधी कुशीतली स्प्रिंग कापडावरूनच चिमटीत धरून वरखाली सरकवून बघा. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त सरकली तर वापरायच्या आधीच खालच्या टोकाला आडवी टीप मारून घ्या. माझ्या उजव्या कुशीची मागची स्प्रिंग अजून न उसवता तशीच ठेवली आहे, फक्त आडवी टीप मारून. तिचं टोपण किती दिवस टिकतं ते मला बघायचंय.