इम्प्लांट केलंय ना? मग टेपेचे इंटरडेंटल ब्रश घ्याच

आईच्या खालच्या दाढेचं इम्प्लांट (म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर कॅप) झाल्यापासून घरात टेपेचेच इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश, आहेत. स्वीडनची कंपनी आहे, १९६५ पासूनची (पहिलं टायटॅनियम इम्प्लांट पण स्वीडनमध्येच आणि त्याच वर्षी बसवलेलं बरं का). मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे आतल्या तारेला प्लॅस्टिकचं कोटिंग आहे, त्यामुळे इम्प्लांटच्या धातूवर ओरखडे पडायची भीती नाही, कारण एकदा का तो भाग खरखरीत झाला की घाण अजूनच चिकटते.

लोकांना वाटतं स्क्रू काय किडणार थोडाच, आता बघायला नको. अहो पण हिरडीचं काय? आपल्या दाताला हिरडीचे तंतू त्याच्या मुळामध्ये रुतून घट्ट धरून असतात, इम्प्लांटला ते नुसते लगटून असतात, मग जंतूंना आत शिरायला वेळ लागत नाही. सुरुवातीला हिरडी लाल होते, ब्रश करताना रक्त येतं, तेव्हाच नीट साफसफाई केली तर पूर्ववत होते, पण दुर्लक्ष केलं तर आतलं हाड झिजायला लागतं आणि ते परत मिळवणं फार अवघड. बऱ्याचदा दुखत पण नाही हो, हेच वाईट आहे!

आईची दाढ अगदी मागे, म्हणून लांब दांडीचा वाकडा ब्रश, टेपे अँगल, घेतला. गालाकडून कॅपच्या बुडाशी हळूच सरकवला की पांढरट चिकट थर बाहेर येतो, साध्या ब्रशने तो निघतच नव्हता. रोज रात्री एकदा करायचं, पेस्ट लावायची गरज नाही. केस फिसकटले किंवा तार वाकली की सरळ फेकायचा.

साईज रंगावर असते, निळा ०.६, पिवळा ०.७ मिमी वगैरे. आईला एका बाजूला निळा लागतो आणि दुसऱ्या बाजूला पिवळा, त्यामुळे अंदाजाने मागवू नका, डेंटिस्टकडून मापून घ्या, जोर लावून घुसवायचा तर अजिबात नाही. आमच्या इथे मेडिकलमध्ये मिळत नाहीत, ऑनलाइनच मागवतो.

आणि प्लीज, ब्रश आहे म्हणून डेंटिस्टकडचं क्लिनिंग टाळू नका, विशेषतः शुगर असेल, सिगरेट असेल किंवा आधीचे दात पायोरियाने गेले असतील तर. कॅप बसवली तेव्हाचा एक्सरे जपून ठेवा, हाड किती उतरलं ते पुढे त्याच्याशीच ताडून कळतं.