कॉस्मिक वॉच म्युऑन-मापक: एक नव्हे, जोडीच घ्यावी

अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा जमिनीपर्यंत पोहोचणारा अंश, म्हणजे मुख्यतः म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण), घरी किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोजायचा असेल, तर सध्याच्या स्वस्त साधनांपैकी ‘कॉस्मिक वॉच’ची मी मनापासून शिफारस करतो. अमेरिकेतील एमआयटी आणि पोलंडचे राष्ट्रीय अणुसंशोधन केंद्र येथील भौतिकशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या या उपकरणाचे आराखडे सर्वांना खुले आहेत आणि एका संचाच्या सुट्या भागांचा खर्च साधारण १०० डॉलर येतो.

आत ५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि १ सेंटिमीटर जाड असा प्लास्टिक सिंटिलेटर असतो. म्युऑन त्यातून गेला की क्षीण प्रकाश चमकतो. तो सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर हा अतिसंवेदनशील प्रकाश-संवेदक टिपतो आणि आर्डुइनो नॅनो हे छोटे संगणकीय सर्किट त्याची वेळ व तीव्रता नोंदवतो.

खरी अडचण पुढे आहे. म्युऑन १ सेंटिमीटर प्लास्टिकमध्ये सुमारे २ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सोडतो, तर किरणोत्सर्गी थोरियमच्या क्षय-साखळीतील सर्वांत जोरकस गॅमा किरणाची ऊर्जाच २.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. भिंतींच्या विटा आणि स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटचा ओटा यांतून असे किरण सतत येत असल्यामुळे एकट्या मापकाच्या आकड्यात आकाशातून किती आले आणि ओट्यातून किती, हे सांगता येत नाही. दोन मापक एकावर एक ठेवून दोघांनी एकाच क्षणी नोंदवलेल्या घटनाच मोजल्या, तर गॅमा किरण जवळजवळ सगळे गळून पडतात. उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ५६० चौरस मीटरचा म्युऑन-मापक चार थरांत उभारला आहे. तिथेही म्युऑनचा माग एकापेक्षा अधिक थरांत मिळालेल्या खुणांवरूनच काढला जातो. म्हणूनच दुसऱ्या संचाचा खर्च मी चैन मानत नाही.

समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण १ म्युऑन पडतो. म्हणजे या मापकातून मिनिटाला सुमारे २५ जातात. मोजणीतील अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाइतकी असल्याने एका टक्क्याची अचूकता हवी असेल तर १०,००० म्युऑन, अर्थात साडेसहा तासांहून अधिक काळ लागतो. जोडीच्या मोजणीत तिरपे येणारे निसटतात, त्यामुळे आणखी वेळ द्यावा लागतो. वातावरणाचा दाब वाढला की म्युऑन घटतात, म्हणून दाबाची नोंदही शेजारी ठेवावी.

मात्र हे उपकरण शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मोजत नाही, आणि मला वाटते, विकत घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. जगाची सरासरी पाहिली तर वैश्विक किरणांमुळे माणसाला वर्षाला सुमारे ०.३९ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) मात्रा मिळते. त्यात न्यूट्रॉनचाही वाटा असतो, जो उंचीबरोबर वाढतो आणि या प्लास्टिकच्या मोजणीतून वेगळा काढता येत नाही. पडद्यावरच्या संख्येला परस्पर सिव्हर्टमध्ये बदलू नये.

जोडणीसाठी सोल्डरिंगचा सराव हवा. सिंटिलेटर फॉइल आणि काळ्या टेपमध्ये गुंडाळताना प्रकाश शिरायला किंचितही फट राहता कामा नये. जोडणी झाल्यावर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत चहूबाजूंनी फिरवून पाहावा, आणि मोजणी वाढली तर टेप पुन्हा गुंडाळूनच पुढची नोंद सुरू करावी.